आरशात बघणारे चष्मेवाले

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते बसथांब्यावर, आणि तेव्हा ते माझ्याकडे बघत नव्हते. माझ्या चष्म्याकडे बघत होते. मी रस्त्याकडे तोंड करून उभी होते आणि ते माझ्यासमोर, रस्त्याकडे पाठ करून. नव्या शाळेत रुजू होऊन मला आठवडाही झाला नव्हता. अनोळखी माणूस असा एकटक बघायला लागला की बाईमाणूस पर्स पुढे ओढून घेते. मी घेतली. तेव्हा ते म्हणाले,

"उजवी दांडी वाकलीये. चष्मा घालूनच झोपता का?"

झोपत होते. वाचता वाचता डोळा लागायचा. पण ते परक्या माणसाला कशाला सांगायचं?

"बस आली तुमची," ते पुढे म्हणाले. "चौदा नंबर."

बस खरोखरच चौदा नंबरची होती. मी चढले, जागा पकडली, तिकीट काढलं, आणि मग माझ्या लक्षात आलं की या गृहस्थांनी मागे वळून पाहिलंच नव्हतं. बसचा नंबर त्यांनी माझ्या चष्म्याच्या काचेत वाचला होता, तोही उलटा.

जन्मभर शिकवण्याचा धंदा केल्यामुळे एखादी गोष्ट कशी घडली हे कळल्याशिवाय मला चैन पडत नाही. दोन दिवसांनी वाकलेल्या दांडीचं निमित्त करून मी त्यांचं दुकान शोधून काढलं.

लाँड्री आणि किल्ल्या करून देणारा यांच्यामध्ये ते दुकान चेंगरून बसलं होतं. त्यांनी माझा चष्मा काढून घेतला, विजेवर तापणाऱ्या एका छोट्या भांड्यात बारीक काचेचे मणी होते त्यात त्याची दांडी खुपसली, आणि ती मऊ होईपर्यंत मला समजावून सांगितलं. डोळे तपासायचा चार्ट वीस फुटांवरून वाचायचा असतो. दुकान जेमतेम दहा फूट. म्हणून चार्ट लावायचा गिऱ्हाइकाच्या पाठीमागे, डोक्याच्या वर, आणि समोरच्या भिंतीवर आरसा. गिऱ्हाईक आरशात बघतं, अंतर दुप्पट होतं. फक्त चार्टवरची अक्षरं उलटी छापलेली लागतात, म्हणजे ती आरशात सरळ दिसतात.

"मी उभा असतो चार्टपाशी, काठी घेऊन," ते म्हणाले. "त्यामुळे सगळं जग सरळ वाचतं आणि मी उलटं. बसच्या नंबराचं काय घेऊन बसलात?"

"पण माझ्या काचेत एवढं स्पष्ट कसं दिसलं?"

"तुमचा नंबर मोठा आहे. मायनसमध्ये. अशी काच समोरून जवळजवळ सपाट असते. सपाट काच म्हणजे आरसाच की. बारीक नंबराची काच फुगीर असते, त्यात सगळं चिमुकलं दिसतं." मग दांडी सरळ करून चष्मा माझ्या नाकावर ठेवत म्हणाले, "आता पालथं झोपू नका."

आमचा परिचय झाला तो असा. सगळे त्यांना चष्मेवाले म्हणत, मीही म्हणू लागले. बारीक चणीचा, नाकासमोर चालणारा माणूस. आवाज कधी चढायचा नाही. गिऱ्हाइकानं अक्षर बरोबर वाचलं तरी "बरं", चुकलं तरी "बरं". चेहऱ्यावर काही उमटू द्यायचं नाही, नाहीतर माणूस चार्ट सोडून आपला चेहरा वाचायला लागतो, असं ते म्हणत. त्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी, मागच्या खोलीत यंत्रावर काचा घासून फ्रेममध्ये बसवायच्या. यंत्राच्या घरघरीतून त्यांना पुढचं सगळं बोलणं कसं ऐकू यायचं, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

त्या दुकानात संध्याकाळी साडेसहाला एक सोहळा असे. चार्टच्याच भिंतीवर, चार्टच्या शेजारी, एक टीव्ही टांगलेला होता. साडेसहाला त्यावर शब्द आणि आकड्यांचा एक स्पर्धेचा कार्यक्रम लागे. त्याचं खरं नाव लांबलचक होतं. स्पर्धक उत्तरं पाटीवर लिहीत, म्हणून दुकानात त्याला नुसतं "पाट्या" म्हणायचे. शब्दांच्या फेरीत नऊ अक्षरं मांडायची आणि त्यांतून सगळ्यांत लांब शब्द करायचा. काना, मात्रा, वेलांटी आपल्या पदरची, अक्षरं मात्र त्यांचीच आणि एक अक्षर एकदाच. आकड्यांच्या फेरीत सहा आकडे द्यायचे आणि बेरीज-वजाबाकी, गुणाकार-भागाकार करून एक ठरलेला मोठा आकडा गाठायचा. वेळ अर्धं मिनिट.

हा कार्यक्रम बघायला दोघं असत. काउंटरमागे चष्मेवाले आणि तपासायच्या उंच खुर्चीवर वहिनींचे थोरले भाऊ. ते आमच्याच शाळेची बस चालवायचे. पोरं त्यांना मामा म्हणत, म्हणून शिक्षकही मामा म्हणत, आणि मुख्याध्यापकसुद्धा एकदा भर सभेत मामा म्हणून गेले होते. गंमत अशी की टीव्ही दोघांच्याही पाठीमागे होता. त्यामुळे दोघंही तो समोरच्या आरशात बघायचे. अक्षरं उलटी, आकडे उलटे, निवेदक डावखुरा. शब्द हे चष्मेवाल्यांचं खातं, आकडे मामांचं. मामा गिअर बदलावा तसे आकडे बदलत.

"पंचाहत्तर गुणिले आठ, सहाशे. पुढे अकरा कमी पडतात. भावोजी, तुमचा शब्द झाला का?"

"पाच अक्षरी होतोय."

"होतोय म्हणजे? बाळंतपण आहे का? झाला की नाही ते सांगा."

आतून वहिनींचं हसू यंत्राच्या वरताण ऐकू येई. मीही शाळा सुटल्यावर तिथे रेंगाळू लागले. मामा मला सांगत, "बाई, आमच्या भावोजींचं डोकंच आरशातलं आहे. सरळ ठेवलेलं यांना दिसत नाही." ते खरंच होतं. एकदा दुरुस्तीसाठी आरसा उतरवला होता. तेव्हा चष्मेवाले टीव्हीकडे तोंड करून बसले आणि त्यांना तीन अक्षरांच्या पुढे शब्द सुचेना.

हे सगळं मोडलं ते एका दाखल्यामुळे.

शाळेच्या बसच्या चालकाला दरवर्षी डोळे तपासून दाखला द्यावा लागे. मामा तो नेहमी इथेच घेत. त्या वर्षी ते खुर्चीवर बसले, डावा डोळा झाकला आणि उजव्यानं चार्ट वाचला. वरपासून खालपर्यंत, अगदी बारीक ओळीसकट, पाढे म्हणावेत तसा. चष्मेवाले "बरं" म्हणाले. दाखला हवा म्हणून चार्ट पाठ करून येणारे त्यांना नवे नव्हते. त्यांनी मामांना पाणी प्यायला आत पाठवलं आणि तेवढ्यात चार्ट बदलला. मामा परत आले, बसले, आणि बारीक ओळ पुन्हा धडाधड म्हणून दाखवली. जुन्या चार्टवरची.

मी तिथेच होते. चष्मेवाल्यांचा हात काठीसकट खाली आला.

"दादा," ते म्हणाले, "ती ओळ मी काढलीये."

मग चष्मेवाल्यांनी बॅटरीनं त्यांचा डोळा पाहिला. मोतीबिंदू होता, आणि डाव्या डोळ्यातही धरू लागला होता. "ऑपरेशन करून घ्या," ते म्हणाले. "सहा महिन्यांत पुन्हा बसवर बसाल. पण आज मी सही करणार नाही. बसमध्ये मुलं असतात."

"आणि सहा महिन्यांनी ते मला पुन्हा घेतील असं तुम्हाला कोणी सांगितलं?" मामा खुर्चीवरून उतरले. "आपल्याच माणसासाठी थोडं डोळ्यांवर कातडं ओढलं असतंत, तर कुणाला कळणार होतं?"

"मला कळलं असतं."

"वा. भावोजी, हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवायला सगळेच तयार असतात. बस माझी जातेय. तुमचं काय जातंय?"

चष्मेवाल्यांनी काठी कोपऱ्यात उभी करून ठेवली. मी पुढे यावर पुष्कळ विचार केला. चष्मेवाले बरोबर होते यात मला शंका नव्हती. पण मामांच्या बोलण्यातही एक काटा होता, तो काही केल्या निघत नव्हता.

मामांना बसवरून काढून आगारात गाड्यांच्या किल्ल्या देण्याघेण्याच्या खिडकीवर बसवलं. त्या दिवसापासून त्यांनी दुकानाची पायरी चढली नाही. बहिणीशी बोलत, भाच्यांना घरी बोलावून घेत, पण मेव्हण्याचं नाव निघालं की उठून गॅलरीत जात. त्याहून वाईट म्हणजे त्यांनी डोळ्यावर उपचारच करून घेतला नाही. ज्या डोळ्यानं घात केला त्याच्यावरच जणू रुसून बसले. वहिनी एकदा म्हणाल्या, "काय करायचं बाई? आपलेच दात, आपलेच ओठ. परवा दादानं चहा ओतला तो कपाच्या शेजारी. विचारलं तर म्हणतो, मुद्दाम ओतला."

"डॉक्टरकडे का नेत नाही?"

"डॉक्टरकडे जायचं म्हणजे आमचे हे बरोबर होते असं कबूल करायचं. त्यापेक्षा तो आंधळा होईल. आमच्या घराण्यात डोळ्यांपेक्षा नाक मोठं."

अशी काही वर्षं गेली. मी निवृत्त झाले. चष्मेवाले साडेसहाला टीव्ही लावत राहिले, पण शब्द मोठ्यानं सांगत नसत. आकड्यांची फेरी आली की उठून फडक्यानं शोकेस पुसत. उंच खुर्चीवर त्या वेळी कुणी बसायला लागलं तर म्हणत, "या बाकावर बसा, तिकडे वारा चांगला येतो." वारा कुठूनच येत नसे.

मग एक दिवस त्यांनी मला हळूच विचारलं, "बाई, पाट्यांमध्ये जायला काय करावं लागतं?"

मला वाटलं, चेष्टा करतायत. हा माणूस लग्नातल्या फोटोतही मागच्या रांगेत उभा राहणारा. मी म्हटलं, "तुम्हाला कशाला जायचंय?"

ते आरशाकडे बघत म्हणाले, "जो जिंकतो त्याला शेवटी अर्धं मिनिट बोलू देतात. काय वाटेल ते. आणि दादा तो कार्यक्रम अजून बघतात. ही सांगते, एक दिवस चुकवत नाहीत."

तेव्हा मला सगळं कळलं. समोर गेलं तर मामा उठून जायचे, फोन केला तर ठेवून द्यायचे. पण टीव्हीवरच्या माणसाला हाकलता येत नाही. निदान आपला आवडता कार्यक्रम लागलेला असताना तरी. चष्मेवाल्यांना ते अर्धं मिनिट हवं होतं, मामांना डॉक्टरकडे जा म्हणून सांगायला. डोळा पूर्ण जायच्या आत.

"आणि नाही जिंकलात तर?"

"तर नुसता दिसेन," ते म्हणाले. "दिसून काय उपयोग?"

चाचणीला बोलावणं येईपर्यंत रोज दुपारी दुकान बंद असताना ते माझ्याकडे सरावाला येऊ लागले. मी पुठ्ठ्यावर अक्षरं लिहून टेबलावर मांडायची. पहिले काही दिवस फजितीचे गेले. सरळ अक्षरांपुढे ते ढ मुलासारखे घाम पुसत बसत. एकदा मी स्वयंपाकघरातून परत आले तर महाशय टेबलाकडे पाठ करून माझ्या कपाटाच्या आरशात बघत होते.

"ही लबाडी आहे," मी म्हटलं.

"लबाडी नाही बाई, हे माझं कच्चं काम."

शेवटी आम्ही तोडगा काढला. पाटीवर त्यांनी आधी अक्षरं उलटी उतरवायची, मग त्यांत शब्द शोधायचा आणि तो सरळ लिहायचा. थोडा वेळ जायचा, पण शब्द मिळायचा. आकडे मात्र कच्चेच राहिले. ते खातं दुसऱ्याचं होतं ना. मी वर्गात शिकवल्यासारखं शिकवलं, "गुणाकार आधी शोधा." ते म्हणत, "दादा तर बघता क्षणीच सांगायचे." मी म्हणे, "मग दादांनाच आणा." ते पाटी पुसायला घेत.

निवड झाली. चित्रीकरणाच्या दिवशी वहिनी आणि मी प्रेक्षकांत बसलो होतो. स्टुडिओ टीव्हीत दिसतो तेवढा मोठा नव्हता. दिवे सोडले तर आमच्या शाळेच्या व्यायामशाळेसारखाच, तोच रंगाचा आणि धुळीचा वास. समोर प्रतिस्पर्धी म्हणून दातांच्या एक डॉक्टर होत्या. हसऱ्या आणि चपळ. निवेदक उंच, वाकून बोलणारा, आणि त्याच्या नाकावर तोच ओळखीचा जाड चष्मा.

"झालं," वहिनी माझ्या कानात म्हणाल्या. "आता हे अक्षरं सोडून त्याच्या चष्म्याकडे बघत बसणार."

पहिल्या शब्दाला चष्मेवाल्यांनी पाटीवर उलटी अक्षरं उतरवली ती कॅमेऱ्यानं टिपली आणि लोक हसले. निवेदकानं विचारलं, "हे कोणत्या देशाचं लेखन?" हे म्हणाले, "माझ्या दुकानातलं." पुढच्या फेरीत प, क, ह, र, ण, च, ल, त, म अशी अक्षरं आली. डॉक्टरबाईंनी "हरकत" केला, चार अक्षरी. यांनी शांतपणे पाटी वर केली. "पाहुणचार." पाच अक्षरं. तिथून ते पुढे गेले. आकड्यांत मागे पडत, शब्दांत भरून काढत. शेवटच्या फेरीपर्यंत ते सात गुणांनी पुढे होते. ती फेरी दहा गुणांची आणि आकड्यांची. नेमका आकडा गाठला तरच दहा. दोघांनी गाठला तर दोघांनाही. कुणालाच नाही जमला तरीही हे जिंकत होते. फक्त बाईंना जमला आणि यांना नाही, तरच हार.

आकडे आले: पंचवीस, नऊ, सहा, चार, तीन, दोन. गाठायचे सातशे तेरा.

मी मांडीवर बोटानं आकडेमोड करायला लागले. मला जमेना. चष्मेवाले भराभर लिहीत होते, मग थांबले. नंतर कळलं की ते सातशे सोळापर्यंत पोचले होते. तीन जास्त. बाईसुद्धा थांबल्या होत्या, पण मग त्या खाली वाकल्या आणि त्यांनी काहीतरी लिहिलं. निवेदक दोघांच्या समोर उभा राहून बाईंच्या पाटीकडे वाकून बघत होता. त्याचा चष्मा एका बाजूला घसरला होता. आणि आमचे चष्मेवाले, वहिनींचं भाकीत खरं करत, त्याच्या चष्म्याकडे बघत होते.

मग त्यांनी मान खाली घातली. वेळ संपल्याची घंटा झाली.

नियमाप्रमाणे पुढे असलेल्यानं आधी उत्तर सांगायचं. निवेदकानं विचारलं, "किती?"

चष्मेवाल्यांनी पाटी उचलली नाही. "सातशे तेरा करता येतात," ते म्हणाले.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. वहिनींनी माझा हात धरला.

"पंचवीसमधून दोन गेले, तेवीस," चष्मेवाले सांगू लागले. "नऊ त्रिक सत्तावीस, त्यात चार मिळवले, एकतीस. तेवीस गुणिले एकतीस. पण हे मी केलेलं नाही. मला ते दिसलं."

"म्हणजे सुचलं," निवेदक म्हणाला.

"नाही, दिसलं. तुमच्या चष्म्यात. डाव्या बाजूची नाकावरची गादी झिजलीये तुमची, म्हणून चष्मा घसरतोय, ते बघत होतो. तुमचा नंबर मोठा आहे, काच सपाट आहे, आणि त्यावर चमक घालवणारा थर नाहीये. त्यात बाईंची पाटी दिसली. तेवीस आणि एकतीस, उलटे. मला उलटं वाचता येतं." त्यांनी आपली पाटी वर केली. "माझं उत्तर हे. सातशे सोळा."

स्टुडिओत कुणाला काय करावं कळेना. निवेदकानं चष्मा काढून हातात घेतला, त्याकडे पाहिलं, आणि त्याशिवाय त्याला काहीच दिसत नसल्यामुळे पुन्हा घातला. चित्रीकरण थांबलं. निर्माती बाई आल्या. कुणीतरी चष्मेवाल्यांच्या खुर्चीवर बसून पाहिलं आणि म्हणालं, काहीतरी पांढरं हलतंय, वाचता काही येत नाही. निर्मातीबाई म्हणाल्या, "अहो, कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. आपण ही फेरी रद्द करू आणि नवीन आकडे घेऊ."

चष्मेवाले म्हणाले, "बाईंनी सोडवलंय ना पण? त्यांचे गुण का घालवायचे?"

डॉक्टरबाई म्हणाल्या, "माझी काही हरकत नाही, पुन्हा खेळू."

"हरकत मघाशीच वापरलीत तुम्ही," चष्मेवाले म्हणाले. डॉक्टरबाई हसल्या. पण ते पाटी पुसून बसले ते उठेनात. शेवटी दहा गुण डॉक्टरबाईंना मिळाले आणि त्या तीन गुणांनी जिंकल्या. अर्धं मिनिटही त्यांनाच मिळालं. त्यात त्यांनी मुलांना दात घासायला सांगितलं.

परत येताना बसमध्ये वहिनी खिडकीबाहेर बघत होत्या. तशाच म्हणाल्या, "एवढ्यासाठी गेला होतात, आणि तेवढंच टाकून आलात."

"हो," चष्मेवाले म्हणाले.

"जरा मान वळवली असतीत तर?"

"वळवलीच नाही, म्हणून तर दिसलं."

त्यावर वहिनींना हसूही आलं आणि रडूही. मी माझं तिकीट नीट घडी करत बसले.

काही आठवड्यांनी तो भाग दाखवणार होते. वहिनींनी भावाला काही सांगितलं नव्हतं. त्या संध्याकाळी आम्ही तिघं दुकानात बसलो, उंच खुर्ची रिकामी. मला वाटत होतं, चष्म्याचा भाग कापून टाकतील. पण त्यांनी सगळा ठेवला होता, निवेदकानं चष्मा काढून पाहिला तोही. आरशात स्वतःला बघताना चष्मेवाले पुटपुटले, "मी बराच वाकडा बसतो की." फोन वाजला तो वहिनींच्या मावशीचा. दुसऱ्या दिवशी लाँड्रीवाला येऊन म्हणाला, "हातची बाजी घालवलीत राव." किल्लीवाला म्हणाला, "मी असतो तर तोंडाला कुलूप लावलं असतं." मामांकडून काही नाही. दुसरा दिवसही तसाच गेला.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी माझ्या चष्म्याचा स्क्रू बसवून घ्यायला गेले होते. दारात सावली पडली. मामा चौकटीला हात लावून उभे होते, पायरी चाचपत. चष्मेवाले पुढे झाले नाहीत. मला वाटलं, व्हायला हवं होतं. पण त्यांना आपला माणूस माहीत होता. मामा आपले आपण चढले, आपले आपण उंच खुर्चीपाशी गेले आणि बसले.

"कोणता चार्ट लावलाय?" त्यांनी विचारलं.

"नवा."

"मला माहीत नसलेला?"

"तुम्हाला माहीत नसलेला."

मामांनी डावा डोळा तळहातानं झाकला. चष्मेवाल्यांनी काठी सगळ्यांत वरच्या, सगळ्यांत मोठ्या अक्षरावर ठेवली. आतलं यंत्र बंद झालं होतं. मामा कितीतरी वेळ आरशात बघत राहिले.

"काहीतरी काळं आहे," ते म्हणाले.

"बरं."

"बरं काय, बरं? गिऱ्हाईक समजता का मला? काय आहे ते सांगा."

चष्मेवाल्यांनी काठी खाली ठेवली. "पार पिकलाय दादा. आता थांबून चालणार नाही. मी बरोबर येतो."

"याल. कधीचे टपून बसलायत." मामांनी डोळ्यावरचा हात काढला. "तेवीस एकतीस मी बघता क्षणी सांगितलं होतं. घरात कुणी ऐकायला नव्हतं, तरी मोठ्यानं सांगितलं. तुम्हाला एवढंही येऊ नये?"

"आकडे तुमच्याकडे होते."

मामा खुर्चीतच वळले. "त्या वेळी मी काय म्हटलं होतं, आठवतं?"

"आठवतं."

"या वेळी हलवाई तुम्हीच होतात," मामा म्हणाले. "घर तुमचं, तुळशीपत्रही तुमचंच. मी बघितलं. अर्ध्या डोळ्यानं बघितलं, पण बघितलं." मग माझ्याकडे मान वळवून, "बाई, तुम्ही आहात ना तिथे? चष्म्याची चमक दिसतेय," आणि पुन्हा मेव्हण्याकडे. "जिंकला असतात तर काय बोलणार होतात?"

"विसरलो."

"पाठ केलं नव्हतंत?"

"नाही," चष्मेवाले म्हणाले.

वहिनी पडद्याआडून चहाचे कप घेऊन आल्या. मामांचा कप त्यांनी त्यांच्या हातात दिला, ठेवला नाही.

ऑपरेशन झालं. उशीर झाला होता, तरी डॉक्टरांनी बराचसा डोळा वाचवला. बस काही परत मिळाली नाही, तोवर मामांचं निवृत्तीचं वयही झालं होतं. चार्टच्या शेवटून दुसऱ्या ओळीपर्यंत ते आता वाचतात. शेवटची ओळ वाचू का म्हणून विचारतात, आणि चष्मेवाले नको म्हणतात. पाट्यांचा निवेदक अजून रोज साडेसहाला दिसतो. त्याचा चष्मा आता घसरत नाही आणि काच चमकत नाही. त्यानं तो कुठे करून घेतला, हे मी चष्मेवाल्यांना आडून विचारून पाहिलं, पण त्यांच्या चेहऱ्यावर काही उमटत नाही, त्यामुळे मला ते अजून कळलेलं नाही.

दुकानाच्या दाराला आता आतून एक पाटी लटकवलेली असते, चष्मेवाल्यांच्या वळणदार अक्षरात. साडेसहा ते सात या वेळात डोळे तपासून मिळणार नाहीत, खुर्ची रिकामी नसते.